झोपाळ्याची रिकामी बाजू

१

या, जरा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनी तर आधी या. कीर्तनात काय आणि गोष्टीत काय, मागं बसणाऱ्याला डुलकी लागतेच. आज एका चोरीची कथा सांगतो. हिच्यात खून नाही, पिस्तूल नाही. चोरीला गेली एक लाकडी फळी आणि चार साखळ्या. पण तेवढ्यानं एका बाईनं अन्न सोडलं होतं, म्हणून कान देऊन ऐका.

शिरूरला नदीच्या अंगाला आमची ‘समाधान’ सहकारी गृहरचना संस्था आहे. तळमजला आणि वर दोन मजले, बिऱ्हाडं बारा. कुणी एसटीतलं, कुणी रांजणगावच्या कंपनीतलं, कुणी माझ्यासारखा शाळेतून निवृत्त झालेला. बिल्डर नव्हताच, जमीन आम्हीच घेतली, भांडलोही आम्हीच. नकाशात तेरावा फ्लॅट बसत होता. तो विकला असता तर प्रत्येकाचा भार हलका झाला असता. पण सभेत म्हातारी माणसं अडून बसली, ‘फ्लॅट नको, अंगण ठेवा. नाहीतर एकमेकांची तोंडं फक्त जिन्यात दिसतील.’ म्हणून तेराव्या फ्लॅटच्या जागी आमचं अंगण आहे. मधे कडुनिंब, त्याला गोल ओटा, आणि दर एकादशीला तिथं पांडुरंगाचं कीर्तन.

त्या अंगणात दिवाळीच्या सुमाराला गौतमीताईंनी झोपाळा टांगला. ताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, पहिल्या मजल्यावर राहतात. केंदूरला त्यांच्या वडिलांचं जुनं घर उतरवलं, तेव्हा दाराची सागवानी फळी त्या घेऊन आल्या. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी. संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर बसून ताई ज्याचं त्याचं ब्लडप्रेशर तपासायच्या, आणि त्या निमित्तानं बाराही घरं खाली उतरायची.

तळमजल्यावर पार्वतीबाई. मालक गेले आणि त्यांनी जे दार लावून घेतलं, ते लावूनच घेतलं. किती जणांनी हाका मारल्या! झोपाळा आला आणि आठवडाभरात त्या येऊन त्याच्या एका टोकाला बसल्या. अगदी कडेला. ‘मधे सरका, पडाल,’ असं गौतमीताई रोज म्हणायच्या. त्या हसायच्या, सरकायच्या मात्र नाहीत. पुढं एका एकादशीला कीर्तन रंगात असताना झोपाळ्यावरून बारीक आवाजात कुणीतरी चाल उचलली. वळून पाहिलं तर पार्वतीबाई. टाळ माझ्या हातात तसेच राहिले. माउली, देव दिसतो म्हणतात तो असाच कुठंतरी दिसत असावा.

आणि चैत्रातल्या एका रविवारी तो झोपाळा नाहीसा झाला.

त्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला सप्त्याचं काल्याचं कीर्तन होतं. टेम्पो करून आम्ही निम्म्याच्या वर सोसायटी गेलो. बाकीचे आपापल्या कामाला पांगले होते. पार्वतीबाईसुद्धा आल्या. कपाळाला बुक्का, हातात प्रसादाचा द्रोण, येताना सगळ्या वाटेनं गुणगुणत होत्या. फाटकातून आत आलो, तर आडव्या पाइपाला नुसते चार आकडे लोंबत होते.

पार्वतीबाई तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग द्रोण ओट्यावर ठेवून घरात गेल्या आणि आतून कडी घातली.

२

आमच्याकडं एक हवालदार आहे, हे सांगायचं राहिलं. गिताबाई. सगळी नोकरी दौंडला रेल्वे पोलिसात काढलेली, आता बहिणीच्या शेजारी म्हणून इथं फ्लॅट घेतलेला. कीर्तनात माझ्या बाजूला टाळ धरतात आणि बुवा चुकले तर भुवई उडवतात.

“गुरुजी,” त्या मला म्हणाल्या, “पोलीस स्टेशनला कळवायच्या आधी आपनच बघू. घरातलं हाय हे.”

“कशावरून?”

“दाराबाहेरचा चोर पाण्याची मोटार सोडून फळी कशाला नेईल?”

मागं चौघंच राहिले होते. बाळासो, ज्ञानेश, आमचे वॉचमन म्हाळूमामा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सारजाबाई.

बाळासोंनी अंगणात आल्या आल्या म्हाळूमामांवरच बोट ठेवलं. “फाटकाची किल्ली कुणापाशी असती? इकलं असंल भंगारवाल्याला.”

म्हाळूमामांनी टोपी काढून हातात घेतली. “मी फाटकातच व्हतो, रस्त्याकडं तोंड करून. पांडुरंगाची आन, माशी सुदिक भाईर गेली न्हाई.”

“मग आतच असेल,” गिताबाई म्हणाल्या. “चला, घरं उघडा.”

सगळ्यांनी आपणहून दारं उघडली. पार्वतीबाईंनीही कडी काढली, आम्ही बघितलं, त्यांनी पुन्हा घातली. मीटरची खोली झाली, पाण्याची टाकी झाली, बाळासोंच्या गाडीच्या खाली वाकून झालं. शेवटी गच्ची. तिथं एका बाजेवर आणि तिच्या शेजारी विटा लावून मांडलेल्या फळकुटावर धोतरं पसरून कुरडया वाळत घातलेल्या.

“पाय जपून!” सारजाबाई जिन्यातून ओरडल्या. “कुरडया हायेत. धूळ उडवू नगा.”

आम्ही अंग चोरून कडेकडेनं फिरलो. दुसऱ्या बाईच्या वाळवणाला हात लावायचा नसतो, एवढं शहाणपण बाराही घरांना आहे. येताना गच्चीच्या दारात माझ्या पायात काहीतरी आलं. बघतो तर चुंबळ. डोक्यावर ओझं घेताना बायका खाली ठेवतात ते कापडाचं वेटोळं, हिरव्या लुगड्याचं. मी ते उचलून कठड्यावर ठेवलं.

गिताबाईंनी ती चुंबळ बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि भुवई उडवली.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला ओट्यावर बसवलं. चहा मी करत होतो.

बाळासो आले ते तणतणतच. “व्हय, मला ती जागा पार्किंगला पाह्यजे. येत्या सभेत ठराव मांडनार हाय. पन चोरी? माझं नाव बाळासो हाय.”

“पार्किंगचा एवढा सोस का हो?”

बाळासोंनी कप खाली ठेवला. “दौंडला माझ्या साडूच्या सोसायटीत जाऊन बघा. खाली पेव्हर ब्लॉक, पांढरे पट्टे, गाडीगाडीला नंबर. जेवायच्या आधी मला तिथनं हिंडवून आनतो. ‘तुमच्याकडं काय हाय?’ म्हनतो. काय सांगू, लिंबाचं झाड?”

“आणि झोपाळा गेला की?”

“जागा मोकळीच झाली की हो,” ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी कप तोंडाला लावला.

ज्ञानेश रात्रपाळीचा. डोळे लाल. त्याची खिडकी झोपाळ्यालाच लागून.

“दुपारी झोपलो होतो, काही ऐकलं नाही.”

“रोज तर ऐकू येतं तुला. झोपाळ्याच्या कडीचा आवाज येतो म्हणून तक्रार दिलीयेस ना?”

“कडीचं काय नाही मावशी.” तो खाली बघायला लागला. “तेजश्री हसते तिथं. ओट्यावर बसून, सगळ्यांच्यात. मी उशी कानावर घेतो तरी येतं. लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्याबरोबर ती एवढी हसली नाही.”

गिताबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “मग संध्याकाळी एक तास आधी उठून खाली ये की लेका.”

म्हाळूमामा ओट्यावर बसेनात, पायरीवर बसले.

“फळी रोज पुसायचो मी,” ते म्हणाले. “तेल बी दिलंय कड्यांना. ज्यो त्यो येऊन बसायचा. मला कुनी ‘बस’ म्हनलं? एकदा तरी? मग आपली काय ती जागा न्हाई, असं समजून ऱ्हायचो.”

गौतमीताई जवळच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. “मामा, मी... माझ्या ध्यानातच आलं नाही हो.”

मी चहाचे कप उचलले. “गिताबाई, तिघांनाही कारण आहे. आता?”

“कारण सगळ्यांनाच असतं गुरुजी. दुसऱ्याच्या ताटात जरा जास्त वाढलेलं दिसलं की पोटात दुखतंच माणसाच्या. कारणावरनं चोर सापडला असता, तर दौंडच्या फलाटावर निम्मी गाडी आत टाकली असती मी.”

“मग कशावरून सापडायचा?”

“तिथं एकदा दागिन्यांची पिशवी गेली होती. सगळा डबा झाडून बघितला. शेवटी सापडली कुठं, तर झोपलेल्या तान्ह्या लेकराच्या दुपट्याखाली. लेकराला उठवायचं कुणाच्या जिवावर येतं? तवापास्नं मी एकच बघते, लोकांनी हात कुठं लावला न्हाई.”

एवढं बोलून त्या उठल्या आणि वर निघाल्या, मागोमाग मी. चौथं माणूस राहिलं होतं.

४

सारजाबाईंनी दार अर्धंच उघडलं. बाई साठीतली, उंचपुरी. तरुणपणी उसाच्या मोळ्या वाहिलेल्या, मान अजून ताठ.

“मला काय करायचाय त्यो झोपाळा? मी कवा बसले त्याच्यावर?”

“न्हाई बसला, तेच विचारते. सप्त्याला का न्हाई आला?”

“गुडघं धरल्यात.”

“आणि कुरडया? एकटीनंच घातल्या?”

“मग कोन येतंय हितं वर? समद्या खाली, त्या नर्सबाईच्या दरबारात.”

दार लागलं.  दाराशेजारी जिन्याच्या खिडकीतून खालचं अंगण दिसायचं म्हणून मी वाकून पाहिलं. निंबाचा पाला दाट, खालचं धड काही दिसत नव्हतं. ओट्याची एक बाजू आणि आडव्या पाइपाचं टोक, बस्स.

या सारजाबाई आणि पार्वतीबाई एकाच वर्षी तळेगावात सुना म्हणून आलेल्या. एका विहिरीवर धुणी धुतली, एकमेकींची बाळंतपणं काढली, आणि सोसायटीत नावंही ठरवून बरोबर घातली. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीकडं कोण बघतो?

पुढं दोन दिवस गेले. पार्वतीबाईंच्या दाराशी गौतमीताई पेज ठेवायच्या, ती तशीच परत यायची. त्या मला म्हणाल्या, “गुरुजी, त्यांना शुगर आहे. असंच चाललं तर उद्या ॲडमिट करावं लागेल. आणि दवाखान्यातून त्या या घरी परत येतील असं मला वाटत नाही.” नर्स बाई, उगाच घाबरवणारी नव्हे. मी तडक गिताबाईंना गाठलं.

गिताबाई खिडकीच्या गजाशी बसल्या. “पार्वताक्का, कडी नका काढू, पन बोला तर. काय खावंसं वाटतंय? सांगा, करून आनते.”

 आतून आवाज आला, कुणी विहिरीतून बोलावं तसा.

“सारजाच्या हातचा चीक. गूळ घालून.”

“चीक?”

“दर साली पयली वाटी मला धाडती ती. मालक गेलं तवा बी, दार लावलेलं व्हतं तरी तेवढी वाटी मी घेतली व्हती. औंदा कुरडया वाळत्यात म्हनं वर... मला वाटी न्हाई आली. इसरली आसंल.”

गिताबाई ताडकन उठल्या.

५

“गुरुजी, तुमच्याकडं चीक आला?”

“नाही.”

त्यांनी दारोदार हाच एक प्रश्न विचारला. गौतमीताईंकडं नाही, तेजश्रीकडं नाही, बाळासोंकडं नाही. बाळासो तर वर चिडले, “झोपाळ्याचं सोडून हे काय?”

मला घेऊन त्या गच्चीवर आल्या. कुरडया तिथंच होत्या.

“गुरुजी, कुरडई कशी होते?”

“गहू भिजत घालायचे. तीन दिवस, पाणी बदलत. मग वाटून, गाळून, जो पांढरा रस निघतो तो पहाटे शिजवायचा. तोच चीक. मग सोऱ्यात घालून...”

“भिजलेल्या गव्हाचा वास?”

मी थांबलो. आंबूस वास! आमच्या इमारतीत कुणी गहू भिजवले की सांगावं लागत नाही. तळापासून गच्चीपर्यंत जिना घमघमतो आणि पोरं वाट्या घेऊन त्या दारात उभी राहतात. या वेळी जिन्यात उदबत्तीशिवाय कसलाच वास आला नव्हता.

“वास न्हाई, चीक न्हाई, सोऱ्या दाबायला दुसरी बाई न्हाई. आणि या उन्हात कुरडई दोन दिवसांत खडखडीत होते. कबुतरं चोच मारायच्या आत बाई डब्यात भरते. ह्या रविवारपास्नं इथंच.” त्यांनी एक कुरडई उचलून मोडली. कडकन आवाज आला. आतून पिवळसर. “मागच्या सालची हाय. जुनी कुरडई उन्हात कोण घालतं गुरुजी? जिला उन्हाचं काम न्हाई, आडोशाचं काम हाय.”

मी विटांवरच्या त्या धोतराकडं पाहिलं. दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी लांबी, आणि खाली विटांच्या मधे पोत्याचं टोक.

“आणि चुंबळ,” मी हळूच म्हणालो.

“बाळासो, ज्ञानेश, म्हाळूमामा, कुनी बी गडी असता तर फळी खांद्यावर घेतली असती. डोक्यावर वाहते ती बाई.”

मी धोतराला हात घालणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

“न्हाई. जिनं झाकलं तिनंच उचलायचं. आपण ओढून काढली तर सोसायटीला झोपाळा मिळेल, पन खालची कडी निघायची न्हाई.”

६

सारजाबाईंच्या दारात गिताबाईंनी चोरीचा चकार शब्द काढला नाही. हातात रिकामी वाटी होती, ती पुढं केली.

“सारजाक्का, पार्वताक्कानं रविवारपास्नं पोटात काही घेतलं न्हाई. उद्या दवाखान्यात न्यायचं म्हणतात. तुमच्या हातचा चीक मागतीय. एवढी वाटीभर द्या.”

सारजाबाईंनी वाटी घेतली. आत वळल्या. दोन पावलं गेल्या आणि तिथंच थांबल्या. चीक कुठला असणार? मग त्या भिंतीला धरून उंबऱ्यावर बसल्या.

“काईच खाल्लं न्हाई?”

“काहीच न्हाई.”

“म्या आख्खं वरीस तिच्या दारात ताट घेऊन हुबी ऱ्हायले,” त्या वाटीशी बोलत होत्या. “उनात, पावसात. ‘पारू, येक घास खा.’ दार किलकिलं करायची, परत लावायची. आन् त्या बाईनं येक फळी काय टांगली, आठ दिसांत ही भाईर! वरनं आयकायची मी. ही गाती, ती म्हनती सरका, ही हसती. माज्या पोटात नुसता इंगळ पडायचा. चाळीस सालाची मी, आन् कालची ती...” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “वाटलं, झोपाळा गेला की माज्याकडं यील. वर यील. ती तर पुना आतच गेली, माय. दुसऱ्याच दिशी ठिवनार व्हते जाग्यावर, पन बारा घरं शोधाया लागली. कसं काढू?”

“आत्ता काढा,” गिताबाई म्हणाल्या. “उजेडात.”

संध्याकाळची वेळ. सगळे ओट्यावर, नेहमीसारखे, पण गप्प. जिन्यातून सारजाबाई उतरल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, काखेत साखळ्यांचं पोतं. ज्ञानेश उभा राहिला. बाळासोंचा आ वासलेला.

“म्या न्हेला व्हता,” सारजाबाई अंगणाच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या. “म्हाळूवर नाव घेऊ नगा. काय करायचं ते करा.”

 पहिल्या उठल्या गौतमीताई. जाऊन त्यांनी फळीचं दुसरं टोक धरलं.

“आधी खाली ठेवा. एवढं ओझं घेऊन जिना उतरलात, ब्लडप्रेशर बघू द्या.”

“तुमच्या हातनं?”

“मग काय बाळासोंच्या?”

तेजश्री फसकन हसली. ज्ञानेशही हसला, आणि तिनं चमकून त्याच्याकडं पाहिलं.

म्हाळूमामांनी साखळ्या आकड्यांत अडकवल्या. कडी कुरकुरली. तो आवाज झाला, आणि तळमजल्यावर दुसऱ्या कडीचा आवाज आला.

पार्वतीबाई भिंतीच्या आधारानं आल्या. तीन दिवसांत बाई चिपाडासारखी झालेली. झोपाळ्याच्या त्याच टोकाला, अगदी कडेला बसल्या. मग शेजारच्या मोकळ्या फळीवर हात आपटला.

“सारजे, ही बाजू दिवाळीपास्नं मी कुनासाठी सोडत व्हते? ही म्हनती मधी सरका, मधी सरका. मधी सरकले तर तू बसशील कुठं? रोज वाट बघायची मी. तुला वरनं दिसत न्हवतं व्हय?”

सारजाबाई त्या मोकळ्या बाजूला येऊन बसल्या.

“लिंबाचा पाला आडवा येतो गं,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री पार्वतीबाईंनी सारजाबाईंच्या हातची पेज घेतली. आणि पहाटेपर्यंत वरच्या मजल्यावर गहू भिजत पडले. तिसऱ्या दिवशी जिना असा घमघमला म्हणता! पहिली वाटी तळमजल्यावर गेली, दुसरी पहिल्या मजल्यावर, गौतमीताईंकडं. बाळासोंनी सभेत पार्किंगचा ठराव मांडलाच नाही. उलट शिडी लावून स्वतः निंबाच्या आडव्या येणाऱ्या फांद्या तेवढ्या छाटल्या, आणि साडूला जेवायला बोलावून झोपाळ्यावर बसवला. तो उठायलाच तयार नव्हता, असं अजून सांगतात.

दोन वर्षं त्या दोघी रोज तिथं बसल्या. गेल्या कार्तिकात पार्वतीबाई गेल्या, दार उघडं ठेवून. आता सारजाबाई एकट्या बसतात, एका टोकाला, अगदी कडेला. दुसरी बाजू मोकळी असते. म्हाळूमामा दिसले की त्याच हाक मारतात, “ये रं, बस.” आणि म्हाळूमामा बसतात.

चला, आरतीची वेळ झाली. जाता जाता एवढंच मागतो. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या घरी चीक शिजेल, वाट्या भराल, तेव्हा आमच्या पार्वतीबाईंना आठवा. तोंडानं बोलावणं जमलं नाही त्यांना. पण रोज, अंग चोरून, अर्धी फळी सोडून बसत होत्या.